डोक्याला मोठा मार लागलेल्या माणसाला घरी आणताना

अपघातानंतर सव्वा महिन्याने माझा धाकटा भाऊ घरी आला, तेव्हा आम्ही एअर बेड आणून ठेवला होता, कमोडची खुर्ची होती, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतली होती. चौथ्या दिवशी त्याने आईच्या अंगावर ताट फेकलं. सहाव्या दिवशी शेजारच्या काकूंना तोंडावर म्हणाला, "तुम्ही फार बोलता." (ते खरं आहे, पण आजवर कुणी म्हणालं नव्हतं.) दहाव्या दिवशी त्याची बायको माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, हे ते नाहीत." अंगाची सगळी तयारी आम्ही केली होती, स्वभावाची कुणीच करून घेतली नव्हती.

याला आता सात वर्षं होतील. कात्रज बायपास, रात्रीची वेळ, दुचाकी आणि डिकीत ठेवलेलं हेल्मेट. पुण्यात हेल्मेटवर बोलणं म्हणजे वाद ओढवून घेणं, म्हणून एवढ्यावर सोडते. मी डॉक्टर नाही. ज्यांच्या घरी हे नुकतंच घडलंय आणि ज्यांना पुढचं काही दिसत नाहीये, त्यांच्यासाठी हे ज्या क्रमाने समोर येतं त्या क्रमाने लिहिते आहे.

१. आयसीयूच्या बाहेर बसलेले असताना

पहिले दिवस काही सुचत नाही. तरी एक दोनशे पानी वही आजच आणा. तारीख, कुठल्या डॉक्टरांनी काय सांगितलं, कुठलं औषध बदललं, आणि पुढे त्याने स्वतःहून काय केलं, सगळं त्यात लिहा. माणसं बदलतील, हॉस्पिटल बदलेल, तुम्ही थकाल. वही सगळीकडे बरोबर राहील. आमच्या आता अकरा झाल्यात.

डॉक्टर ‘जीसीएस’ म्हणतील. डोळे, बोलणं आणि हालचाल यांना गुण देऊन केलेली ती बेरीज आहे. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५, आणि ८ किंवा त्याखाली असेल तर इजा गंभीर. भावाचा दाखल करताना ६ होता. हा आकडा सुरुवातीच्या तासांचा असतो, पुढच्या आयुष्याची ती पत्रिका नव्हे. पुढे किती त्रास राहील याचा अंदाज करायला आणखी एक गोष्ट फार उपयोगी पडते: अपघातापासून रोजच्या आठवणी सलग राहायला लागेपर्यंत किती दिवस गेले. तो काळ आठवड्याहून जास्त असेल तर इजा गंभीर धरतात. डोळे उघडणं आणि आठवण राहणं या दोन वेगळ्या तारखा आहेत, दोन्ही वहीत हव्यात. भावाने डोळे उघडले तेराव्या दिवशी. सत्तेचाळिसाव्या दिवशी सकाळी मी सहज विचारलं, काल कोण आलं होतं रे? तो म्हणाला, "मामा. पेरू आणले होते." तोवर काल ही गोष्टच त्याच्याकडे नव्हती.

सीटी स्कॅनमध्ये ‘फार काही नाही’ असं ऐकलंत तर लगेच पेढे वाटू नका. जोराच्या झटक्याने मेंदूतले बारीक तंतू आतल्या आत ताणले जातात, तुटतात, आणि ते साध्या सीटीत बरेचदा दिसत नाहीत. एमआरआयमध्ये जास्त कळतं.

‘बरा होईल ना?’ याचं उत्तर त्या दिवसांत कुणाकडेच नसतं. त्यापेक्षा विचारा: मार मेंदूच्या कुठल्या भागाला आहे? फिटची गोळी किती दिवस चालणार? कवटीचं हाड काढलंय का, आणि ते ठेवलंय कुठे? शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल. सुजलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून हाडाचा तुकडा काढतात, आणि तो डीप फ्रीझरमध्ये किंवा पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात. आईला हे आयत्या वेळी ड्रेसिंग करताना कळलं आणि ती "पोटात हाड?" म्हणत मटकन खाली बसली. तुकडा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत बसवतात. तोवर डोक्याचं हाड काढलेल्या बाजूच्या कुशीवर झोपवायचं नाही आणि उठून चालायला लागला की डोक्यावर हेल्मेट. आमच्याकडे ते तेव्हा डिकीतून बाहेर आलं.

घरातल्या एका शांत डोक्याच्या माणसाला कागदांच्या मागे लावा. एमएलसी क्रमांक (हॉस्पिटल पोलीस केस म्हणून जी नोंद करतं तिचा), एफआयआरची प्रत, पंचनामा, गाडीच्या विम्याचा कागद. पैशांचंही तेव्हाच बघायचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर कागदपत्रांना मदत करणारा आरोग्यमित्र असतो, त्याला पहिल्याच दिवशी गाठा. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे आपणहून क्वचितच कुणी सांगतं, तेव्हा तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन विचारा. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला पहिल्या ७ दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजनाही आहे.

२. वॉर्डात आल्यावर

आधी डोळे उघडतो पण बघत नाही. मग बघतो पण ओळखत नाही. मग ओळखतो आणि शिव्या देतो.

हा शिव्यांचा टप्पा पुष्कळांना येतो. नळ्या ओढणं, उठून पळायला बघणं, चावणं. जन्मात ‘मूर्खा’च्या पुढे न गेलेला माझा भाऊ नर्सना जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. मेंदू जागा होतोय पण त्याला जागेचा, वेळेचा, माणसांचा पत्ता लागत नाही, म्हणून तो घाबरलेला असतो. अशा वेळी टीव्ही बंद, एका वेळी एकच माणूस, आवाज खाली. दर थोड्या वेळाने तीच चार वाक्यं: "आज बुधवार आहे. तू हॉस्पिटलमध्ये आहेस. तुझा अपघात झाला होता. मी ताई." तुम्हाला कंटाळा येईल. त्याला दर वेळी ते नवीन असतं.

"काल ऑफिसला जाऊन आलो" असं तो ठामपणे सांगेल. ते खोटं बोलणं नाही. आठवणीतली भोकं मेंदू मिळेल त्या चिंध्यांनी बुजवत असतो. वाद घालू नका, त्याला हो ला हो देऊन गोष्ट वाढवूही नका. "बरं. आता ज्यूस घे."

३. डिस्चार्जच्या आधीचे आठ दिवस

सिस्टर म्हणतील, "बघून ठेवा." बघू नका, स्वतः करा. नळीतून अन्न देणं, श्वासासाठी गळ्याला भोक केलं असेल तर सक्शन (मशीनने कफ ओढून काढणं), दर दोन तासांनी कूस बदलणं, पलंगावरून खुर्चीत घेणं. हे सगळं तिथे, त्यांच्या देखत, तुमच्या हाताने किमान तीन-तीनदा व्हायला हवं, आणि घरातल्या दोघांना यायला हवं. परवानगी घेऊन मोबाइलवर व्हिडिओ काढा.

फाउलर बेड (डोक्याची-पायाची बाजू वर करता येणारा पलंग), व्हीलचेअर, सक्शन मशीन लगेच विकत घेऊ नका. पुण्यात कितीतरी गणेश मंडळं आणि संस्था रुग्णसाहित्य अनामत रक्कम घेऊन वापरायला देतात. आम्हाला बेड दोन गल्ल्या सोडून मिळाला, आणि इतकी वर्षं त्याच मंडळाच्या स्पीकरवर आम्ही चिडत होतो!

ब्युरोतून मावशी किंवा मामा (पेशंट सांभाळणारी बाई किंवा पुरुष) लावणार असाल, १२ तासांच्या पाळीने, तर एक गोष्ट अनुभवाने सांगते: उचलायला ताकद हवीच, पण त्याआधी न चिडणारा माणूस मागा. आमचे पहिले मामा पैलवान गडी होते, पण दिवसभर मोबाइलवर मोठ्याने व्हिडिओ लावायचे. भाऊ संध्याकाळी पिसाळल्यासारखा व्हायचा आणि आम्ही गोळ्यांना दोष देत होतो. दुसरे मामा आळंदीचे, हळू आवाजात हरिपाठ म्हणणारे. आठवड्यात फरक पडला.

४. घरी: खोली आणि दारावरची पाटी

खोली रस्त्याच्या बाजूची नको. समोर मोठ्या अक्षरातलं घड्याळ, रोज फाडायचं कॅलेंडर, आणि त्याच्या डोळ्यांच्या रेषेत एक पांढरा फळा. फळ्यावर आजचा वार आणि आज काय काय होणार ते. फिजिओ ११. जेवण १. झोप २. मुलगी शाळेतून ४.

पाहुणे हा वेगळाच आजार आहे. येणारा प्रत्येक जण खुर्ची ओढून विचारतो, "ओळखलंस का मला?" भावाला नाव आठवत नाही, तो कावराबावरा होतो. समोरचा म्हणतो, "अरे, लग्नात नाही का आपण..." आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. दिवसातून पाच वेळा नापास होणाऱ्या माणसाचं काय होणार? शेवटी माझ्या वडिलांनी, जे सदाशिव पेठेत वाढले आहेत, दारावर पाटी लावली:

‘आत जाणाऱ्याने प्रथम स्वतःचे नाव व नाते सांगावे. परीक्षा घेऊ नये. वेळ १५ मिनिटे. १ ते ४ दार वाजवू नये. सहानुभूती बाहेर ठेवावी.’

शेवटच्या वाक्यावर दोन नातेवाईक रुसले. पण पाटीने जे काम केलं ते कुठल्या गोळीने केलं नाही.

५. खाणं आणि हालचाल

रायल्स ट्यूब (नाकातून घातलेली अन्नाची नळी) निघाली म्हणजे सगळं खायला मोकळीक, असं नसतं. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात. त्यांचं काम फक्त बोलायला शिकवण्याचं नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. (धनकवडीला भारती विद्यापीठाचं याच विषयाचं कॉलेज आहे.) सगळ्यात अवघड काय, तर पाणी. ते इतक्या पटकन घशात उतरतं की चुकून श्वासनलिकेत जातं, आणि मग न्यूमोनिया. म्हणून सुरुवातीला घट्टसर पदार्थ: नाचणीची खीर, गुरगुट्या भात, दाट वरण, दही. ताठ बसवून, छोटा चमचा, एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. खाताना ठसका लागणं, आवाज घोगरा-ओला येणं, अधूनमधून ताप, यातलं काही दिसलं तर थांबा आणि विचारा. आमच्या एका आत्याने प्रसादाचा पेढा हळूच भरवला होता. ती रात्र परत कॅज्युअल्टीत गेली.

फिजिओबद्दल थोडक्यात: रोजचा पाऊण तास फिजिओचा, उरलेला दिवस तुमचा. घोट्याला स्प्लिंट (आधाराची पट्टी), हात-पाय आखडू न देणं, आणि जे त्याला स्वतः जमतं ते त्यालाच करू देणं, मग शर्टाला वीस मिनिटं लागोत. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणेचा वेग जास्त असतो, पुढे मंदावतो. मंदावणं म्हणजे थांबणं नव्हे. भावाला शर्टाची बटणं लावता आली ती तिसऱ्या वर्षी.

६. वागणं

खरी वर्षं इथे जातात, म्हणून इथे जरा थांबते.

आपल्या कपाळामागचा मेंदूचा भाग घरातल्या मोठ्या माणसासारखा असतो. हे आत्ता बोलू नको, ते आधी कर, उठ, पुरे आता. डोकं जोरात आपटलं की या भागाला इजा होण्याची शक्यता बरीच असते. मग दोन उलट्या गोष्टी एकाच माणसात दिसतात: लगाम सुटतो आणि चालनाही जाते. मनात येईल ते बोलतो, पण मनात आणून उठत मात्र नाही.

दुसऱ्या गोष्टीवरून घरात जास्त भांडणं होतात. एक सकाळ सांगते. भाऊ बेसिनसमोर उभा. हातात ब्रश, ब्रशवर पेस्ट. मी भाजी घेऊन आले, तो तसाच उभा. भाजी निवडून झाली तरी तसाच. मी ओरडले, "अरे, घास की!" त्याने लगेच घासले. विसरला नव्हता, त्याला येत होतं, आळसही नव्हता; ‘आता सुरू कर’ असं सांगणारा आतला माणूस तेवढा नव्हता. त्या दिवसापासून आरशावर पाच ओळींची चिठ्ठी आहे: ब्रश ओला. पेस्ट. घास. चूळ. नळ बंद. बघणारे हसतात. हसू द्या. आपण ओरडण्याऐवजी कागद ओरडतो, एवढाच फरक, पण नातं वाचतं.

हेच सगळीकडे लावा. एका वेळी एकच सूचना. "आवर, कपडे घाल आणि बाहेर ये" या तीन सूचना झाल्या. रोज तीच वेळ, तीच जागा, तोच क्रम. चुकू देऊन शिकवण्यापेक्षा चुकायच्या आधीच योग्य उत्तर हातात द्या, कारण आठवण कच्ची असलेल्या डोक्यात चूकच पक्की होऊन बसते.

राग येतो तेव्हा तो काडेपेटीसारखा येतो आणि तसाच विझतो. भडकलेल्या माणसाला समजावू नका. विषय बदला, खोली बदला, दहा मिनिटं जाऊ द्या. नंतर वहीत लिहा: किती वाजता, आधी काय चाललं होतं, जेवण होऊन किती वेळ झाला होता, घरात किती माणसं होती. महिन्याभरात नक्षी दिसते. आमच्याकडे बहुतेक भडके संध्याकाळी सहा ते आठ, कुकर, टीव्ही, डोअरबेल एकत्र असताना. कुकर पाच वाजता लावायला लागलो. औषधाचीही शंका घ्या: फिटसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरॅसिटॅमने काहींची चिडचिड वाढते. डॉक्टरांना सांगा, ते बदलून देऊ शकतात. स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी बंद करायची नाही.

थकवा कुणाला दिसत नाही, म्हणून कुणी मानत नाही. वीस मिनिटं गप्पा, मग अंधाऱ्या खोलीत तासभर. गणपतीत आम्ही विसर्जनाच्या दोन दिवस आधी त्याला सासवडला मावशीकडे नेतो. जो माणूस स्वतः पथकात ताशा वाजवायचा त्याला ढोल सहन होत नाही, याचं आम्हालाच जास्त वाईट वाटतं.

आणि त्याला स्वतःला काही झालंय हे पटत नाही. हट्ट नाही तो. जो मेंदू तपासणार, तोच दुखावलेला. "मला काय धाड भरलीय, गाडीची किल्ली द्या," हे आम्ही दोन वर्षं ऐकलं. शेवटी स्कूटर विकली. फिट येण्याची शक्यता, लक्ष विचलित होणं, बाजूचं नीट न दिसणं, ही सगळी कारणं असतात, म्हणून डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय गाडी नाही. दारू तर नाहीच. मोबाइलमधल्या यूपीआयची मर्यादा बँकेत सांगून अगदी कमी करून घ्या. भावाने एका दुपारात तीन मिक्सर मागवले होते, आणि तिन्ही आमच्याकडे आले तेव्हा तो मनापासून खूश होता.

एवढं सगळं घरच्यांनीच निभवायचं असं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून स्मृती, लक्ष, नियोजन यांची रीतसर चाचणी करून घ्या. काय शाबूत आहे हे त्यातून कळतं, आणि काम शाबूत भागावरच उभं करायचं असतं. घरी कुणाला रात्री अगदीच असह्य झालं तर १४४१६ या टेलि-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

७. ज्या गोष्टींना थांबायचं नाही

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, घड्याळ बघा. कांदा हुंगवायचा नाही, चप्पल नाकाला लावायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येताच दुसरी आली, तर १०८. अपघातानंतर वर्षा-दोन वर्षांनीही पहिली फिट येऊ शकते, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू द्या.

सुधारत चाललेला माणूस मागे जायला लागला, म्हणजे चाल अडखळती, दिवसभर झोप, कपड्यात लघवी, तर ‘मूड नाही’ म्हणून सोडून देऊ नका. मेंदूत पाणी साठू लागलेलं असू शकतं, त्यावर इलाज आहे, आणि तो वेळेत व्हायला हवा.

वास जाणं ही साधी वाटणारी गोष्ट. डोक्याच्या मारात वासाची नस तुटू शकते, आणि बरेचदा कुणी ते तपासतच नाही. एकदा दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं झालं, सगळं घर धुराने भरलं, आणि भाऊ ओट्यापाशी उभा राहून पेपर वाचत होता. तेव्हा आम्हाला कळलं. गॅस गळाला तर त्याला कळणार नाही. काम झालं की रेग्युलेटर बंद, आणि गॅस डिटेक्टर बसवून घ्या.

८. कागद

मोटार अपघात दाव्याचा, म्हणजे नुकसानभरपाईचा, अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा, असा नियम २०२२ पासून लागू आहे. हॉस्पिटलच्या धावपळीत ते सहा महिने कधी जातात कळत नाही. पुण्यात हे काम शिवाजीनगर कोर्टात चालतं. बायकांना आणि दिव्यांग व्यक्तींना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. औषधाच्या पावत्या तर ठेवालच, ब्युरोच्या आणि फिजिओच्याही सहीनिशी ठेवा. डोक्याला मार लागलेल्या एका मुलीच्या खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांभाळणाऱ्या माणसांचा पुढच्या आयुष्यभराचा खर्च गुणक लावून, म्हणजे वर्षाच्या खर्चाला ठरावीक आकड्याने गुणून, धरला होता. त्यामुळे तो खर्च कागदावर दिसला पाहिजे. समोर दुसरं वाहन नसेल, गाडी घसरून पडला असेल, आणि गाडी त्याच्याच नावावर असेल, तर विम्यातलं मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण आहे का बघा. नोकरी ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) बसत असेल तर कामावर जाता-येतानाचा अपघातही त्यात धरला जाऊ शकतो.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांचा अर्ज ऑनलाइन करायचा, तपासणी ससूनला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात. ४० टक्के किंवा अधिक असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. अडचण अशी, की तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर हात-पाय मोजले जातात. आमचा भाऊ चालत आत गेला, नमस्कार केला, नाव-गाव नीट सांगितलं. पाच मिनिटं कुणीही नीट वागू शकतो! पहिल्या खेपेला हाताचे तेवढे टक्के लिहून मिळाले. दुसऱ्या खेपेला सायकॉलॉजिस्टचा अहवाल आणि वहीतल्या सहा महिन्यांच्या नोंदी घेऊन गेलो, तेव्हा बाकीचं मोजलं गेलं.

बँकेत "त्यांची सही आणा" म्हणतील. ज्याला व्यवहार समजत नाही त्याच्याकडून मुखत्यारपत्र करून घेणं कायद्याने टिकत नाही, तेव्हा कुणी तसा शहाणपणा सांगितला तर ऐकू नका. बेशुद्धावस्थेतल्या माणसासाठी पत्नीला पालक नेमण्याचे आदेश उच्च न्यायालयं देतात. मार्ग लांबचा आहे, पण आहे.

९. काम

सरकारी नोकरी असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून काढून टाकता येत नाही, दर्जाही खाली आणता येत नाही. आधीचं काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यावं लागतं. राजीनाम्यावर सही करायच्या आधी हे वाचा. खासगीत मालकाच्या मनावर आहे. भाऊ भोसरीला सुपरवायझर होता. मशीनवर परत पाठवणं शक्यच नव्हतं. आता तो मित्राच्या स्टेशनरीच्या दुकानात रोज दोन तास वह्यांचे गठ्ठे लावतो. सुरुवात आठवड्याला दोन दिवस, अर्धा तास अशी केली होती. कुणी विचारलं की तो अजूनही "भोसरीला असतो" म्हणतो. आम्ही दुरुस्त करत नाही.

१०. बायको, मूल, आई आणि नणंद

भाची तेव्हा सहा वर्षांची होती. तिला आम्ही ‘बाबा दमलाय’ सांगत राहिलो आणि ती गप्प होत गेली. नंतर भावजयीनेच तिला समोर बसवून सांगितलं: बाबाच्या डोक्याला आतून मार लागलाय, तो दिसत नाही. म्हणून तो ओरडतो. तू काही केलंस म्हणून नाही. आणि तो ओरडायला लागला की तू सरळ आजीच्या खोलीत जायचं, विचारायचं नाही. शेवटच्या वाक्याने तिला सगळ्यात जास्त धीर आला असावा.

नवरा-बायकोंच्या नात्यावर डॉक्टर आपणहून बोलत नाहीत आणि आपल्याकडे विचारायची लाज वाटते. इच्छा पार जाते किंवा वेळ-काळ न बघता उफाळते. ज्या माणसाला दिवसभर भरवलं, पुसलं, दटावलं, त्याच्याबरोबर रात्री बायको म्हणून झोपणं सोपं नाही. हे इजेचंच अंग आहे. सायकॅट्रिस्टकडे किंवा समुपदेशकाकडे तिने एकटीने जावं, आणि तिथे तिला कुणी घरचं माणूस सोडायला जाऊ नये.

आई म्हणायची, "माझा मुलगा असा नव्हता," आणि त्याचा अर्थ ‘तुझ्या हाताखाली असा झाला’ असा निघायचा. मीही कमी नव्हते. आठवड्यातून एकदा यायचे, भाऊ माझ्यासमोर शहाण्यासारखा वागायचा, आणि मी भावजयीला सांगायचे की तुझा पेशन्स कमी पडतो. मग ती तापाने आजारी पडली आणि मी नऊ दिवस राहिले. पाचव्या दिवशी मी त्याच्यावर हात उगारला. त्यानंतर तिला सल्ला द्यायचा मला तोंड उरलं नाही.

म्हणून भेटायला येणाऱ्या नणंदा, दीर, काका-काकू यांच्यासाठी: विचारपूस नको, पाळी घ्या. ठरलेला वार, ठरलेले तास, आणि तेवढा वेळ फोन करून ‘गोळी कुठली द्यायची’ विचारायचं नाही, वहीत आहे. माझी रविवारी दुपारी तीन ते सात. भावजय पावणेतीनलाच पर्स घेऊन तयार असते. कुठे जाते ते मी विचारत नाही. मागच्या रविवारी येताना तिच्या हातात मंडईतली कोथिंबीर होती आणि ओठांना आइस्क्रीम लागलं होतं.